बाहेरचा दबाव नेमका कुठे चिमटा काढतो? (ठाणे-नवी मुंबई कट्टा)

पारसिक_टेकडी · ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.१२

गेले तीन महिने कोणतंही चॅनल लावा, प्रश्न एकच: भारत झुकला की नाही? एक बाजू म्हणते झुकला, दुसरी म्हणते छाती काढून उभा आहे. तास संपतो, आणि कोणी कोणत्या तारखेला नेमकं काय केलं आणि ते कोणाला भोवलं, हे काही कळत नाही.

यंदा जुलैपासून चार वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. १८ जुलैला युरोपियन युनियनने रशियाविरोधी निर्बंधांच्या अठराव्या संचात नायरा एनर्जी या गुजरातमधल्या तेल शुद्धीकरण कंपनीचं नाव घातलं. २७ ऑगस्टपासून अमेरिकेत आपल्या मालावरचं जादा शुल्क २५ वरून ५० टक्के झालं, कारण दिलं रशियन तेलाचं. २९ सप्टेंबरला इराणमधल्या चाबहार बंदरासाठी अमेरिकेने दिलेली निर्बंधांतली सवलत रद्द झाली आणि महिन्याभराने सहा महिन्यांसाठी परत मिळाली. २२ ऑक्टोबरला अमेरिकेने रोझनेफ्ट आणि लुकॉइल या रशियन तेल कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं. या चौघांची यंत्रणा वेगळी, बळी वेगळे आणि उताराही वेगळा. टीव्हीवर मात्र सगळं मिळून एकच "दबाव".

माझं मत आधीच सांगतो. दबाव भाषणातून येत नाही. तो बँक, विमा, जहाज आणि खरेदीदार या चार ठिकाणांहून येतो. तिथे आपली किती अडचण होते त्यावर सरकार काय करेल ते ठरतं, मग सरकार कोणाचंही असो. ज्यांना या चारपैकी एखाद्याची आतून माहिती आहे त्यांनी लिहा. पक्षाच्या घोषणा नकोत, तारीख आणि आकडा द्या.

---

जेएनपीटी_रोड · ३ नोव्हेंबर, रात्री ९.५८

शुल्काचं मी सांगतो. "भारतावर ५० टक्के शुल्क" या वाक्यातच गोंधळ आहे. ते भारत भरत नाही. अमेरिकेतला इम्पोर्टर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे कस्टम्सच्या नोंदीतला आयातदार भरतो, आणि मग तो इकडे फोन करतो.

हिशोब बघा. एचएस ६१०९.१० (मालाच्या वर्गवारीचा कोड) मधला सुती टी-शर्ट, एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत, १० डॉलर. तिकडे शुल्क एफओबी किमतीवर लागतं, आपल्यासारखं सीआयएफवर (भाडं-विमा धरून) नाही. मूळ दर १६.५ टक्के, त्यावर २५ आणि २५. एकूण ६६.५ टक्के, म्हणजे ६ डॉलर ६५ सेंट. बांगलादेशवर जादा शुल्क २०, तिथला तोच शर्ट ३ डॉलर ६५ सेंट भरून आत जातो. व्हिएतनाम २०, पाकिस्तान १९. दहा डॉलरच्या मालात तीन डॉलरचा फरक सोसायची ताकद तिरुपूरच्या कपडेवाल्यांकडे नाही आणि तळोज्याच्या कोळंबीवाल्यांकडेही नाही. कोळंबीला तर अँटी-डंपिंग (पडेल भावाच्या विक्रीवरचं) आणि काउंटरव्हेलिंग (सरकारी अनुदानापोटीचं) शुल्क वेगळंच आहे.

दुसरी अडचण कोणी बोलत नाही, ती बॉण्डची. अमेरिकी आयातदाराला कस्टम्सकडे कंटिन्युअस बॉण्ड (शुल्काची कायमची हमी) ठेवावा लागतो: मागच्या बारा महिन्यांत भरलेल्या शुल्क-करांच्या १० टक्के, किमान ५० हजार डॉलर. शुल्क तिप्पट-चौपट झालं की बॉण्ड अपुरा पडतो, जामीनदार कंपनी तारण मागते. छोटा खरेदीदार तिथेच गार होतो. त्याला भारताशी काही वैर नसतं, त्याची मर्यादा संपलेली असते.

आणि ती "वाटेतल्या मालाला सूट". अट अशी होती: भारतीय वेळेने २७ ऑगस्ट सकाळी ९.३१ च्या आत माल जहाजावर चढलेला हवा आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडे क्लिअर व्हायला हवा. मध्ये एकवीस दिवस. न्हावा शेवाहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून पूर्व किनाऱ्याला जायला महिन्याहून जास्त लागतो. म्हणजे २६ ऑगस्टला धावपळ करून चढवलेल्या कंटेनरला सूट मिळणारच नव्हती, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघालेल्यांनाच मिळाली. शिवाय शिपिंग बिलाची तारीख, लेट एक्सपोर्ट ऑर्डरची (कस्टम्सच्या निर्यात-परवानगीची) तारीख, गेट-इनची तारीख, कशालाच किंमत नव्हती. ऑन बोर्ड बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची तारीख धरतात. बऱ्याच जणांनी इथेच मार खाल्ला.

---

नौपाड्याचा_नाना · ३ नोव्हेंबर, रात्री १०.२०

सेंट-डॉलर मोजत बसलात की झुकलातच. ७१ साली अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा कोणी हिशोब केला नव्हता. कणा लागतो, कॅल्क्युलेटर नाही.

---

पारसिक_टेकडी · ३ नोव्हेंबर, रात्री १०.४१

नाना, हिशोब केला होता आणि चोख केला होता. सोव्हिएत संघाशी करार ९ ऑगस्ट १९७१ ला झाला, युद्धाच्या चार महिने आधी. हल्ल्याची धमकी आली तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करायची, हे त्याच्या नवव्या कलमात आहे. सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार कोण वापरणार याची सोय आधी केली, कणा मग दाखवला.

त्याच्याही मागे जा. १९६६ मध्ये हाच देश पीएल-४८० या अमेरिकी मदत योजनेच्या गव्हावर जगत होता. आपण व्हिएतनामवर टीका करायचो म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन जहाजं महिन्या-महिन्याच्या बोलीने सोडत होते. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांना गेला. पंतप्रधान त्याच होत्या. मध्ये बदललं काय? गहू. १९६४-६५ चं पीक सव्वा कोटी टनांच्या आसपास, १९७०-७१ चं २ कोटी ३८ लाख टन. नाक दाबलं की तोंड उघडतं, पण ७१ पर्यंत ते नाक त्यांच्या चिमटीतून सुटलं होतं.

---

तलावपाळी · ३ नोव्हेंबर, रात्री ११.३०

बँकेच्या बाजूने लिहितो. थोडं लांबेल.

पारसिक यांनी दिलेल्या चारपैकी खरी धारदार गोष्ट शेवटची. शुल्कामुळे माल महाग होतो, व्यवहार थांबत नाही. ओफॅकच्या (अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंध कार्यालयाच्या) यादीमुळे व्यवहारच थांबतो.

रशियन तेल विकत घेणं भारतीय कायद्याने गुन्हा नाही आणि संयुक्त राष्ट्रांचीही बंदी नाही. पण विकणारा यादीत असेल तर आपली बँक पैसे पाठवत नाही. डॉलरमधला व्यवहार न्यू यॉर्कच्या करस्पॉण्डंट बँकेतून (जिथे आपल्या बँकेचं डॉलर खातं असतं) जातो, तिथे नाव जुळलं की पैसे गोठतात. दिरहममध्ये दिले तरी सुटका नाही. डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी आदेशाने परदेशी बँकांवरच दुय्यम निर्बंध लावायची सोय झाली आहे. एका मालाच्या जहाजापायी न्यू यॉर्कचं खातं गमावायला कोणतीही बँक, सरकारी असली तरी, तयार होत नाही. सरकारला "थांबवा" म्हणावंच लागत नाही, अनुपालन विभागाची फाइल तेवढी पुरते. रोझनेफ्ट-लुकॉइलचे जुने व्यवहार मिटवायला २१ नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे. त्या तारखेच्या आत माल उतरून पैसे वळते व्हावेत अशीच सगळ्यांची धडपड असणार. त्यानंतर प्रत्येक जहाजामागे विचारलं जाईल की विकणारा कोण, आणि त्याच्यामागे कोण.

हे "त्याच्यामागे कोण" म्हणजे ५० टक्क्यांचा नियम. यादीतल्या कंपनीची मालकी एखाद्या कंपनीत ५० टक्के किंवा जास्त असेल तर ती कंपनी नाव नसतानाही यादीत धरली जाते. नायरामध्ये रोझनेफ्टचा वाटा ४९.१३ टक्के आहे. हा आकडा योगायोगाने पडलेला नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेच्या नियमातून नायरा त्या ०.८७ टक्क्याने सुटते. युरोपने तो मार्गच टाळला आणि वाडिनारच्या कंपनीचं नाव थेट लिहिलं.

विम्याचं थोडक्यात. जगातल्या सागरी टनेजपैकी सुमारे ९० टक्के जहाजांचा तिसऱ्या पक्षाचा विमा इंटरनॅशनल ग्रुपच्या मूठभर पी अँड आय क्लबांकडे, म्हणजे जहाजमालकांच्या परस्पर विमा संघांकडे आहे. रशियन तेलाच्या पिंपाला डिसेंबर २०२२ मध्ये घातलेली ६० डॉलरची कमाल किंमत याच दोरीने बांधलेली: किंमत जास्त असेल तर विमा नाही. युरोपने सप्टेंबरपासून ती ४७.६० केली. आपण उत्तर म्हणून रशियन विमा कंपन्यांना बंदरात यायला डीजी शिपिंगची (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाची) मान्यता दिली. तेलगळती झाली तर ती कंपनी भरपाई किती आणि कशी देईल, हे मात्र अजून कोणी पारखलेलं नाही. मुंबई बंदराबाहेर २०१० मध्ये दोन जहाजांची टक्कर होऊन तेल अलिबाग-उरणपर्यंत पसरलं होतं, तेव्हा विम्याचं महत्त्व इथल्या कोळ्यांना कळलेलं आहे.

१९९८ चं उदाहरण नेहमी चुकीचं दिलं जातं म्हणून तेही. "अणुचाचणीनंतर निर्बंध आले आणि आपण पुरून उरलो." पुरून उरलो खरे, पण कशाने? स्टेट बँकेने ऑगस्ट १९९८ मध्ये रिसर्जंट इंडिया बॉण्ड काढून अनिवासी भारतीयांकडून ४.२ अब्ज डॉलर उभे केले, डॉलरवर ७.७५ टक्के व्याज देऊन. स्वस्त नव्हतं ते. आणि निर्बंधांना पहिलं भोक पाडलं अमेरिकी गहू उत्पादकांनी. चाचण्या पाकिस्ताननेही केल्या होत्या. तिथे गव्हाचं टेंडर निघणार होतं आणि निर्बंधांमुळे निर्यातीला कर्जहमी मिळत नव्हती. त्यांनी आपल्या सिनेटरांना धरलं, आणि मेमधल्या चाचण्यांनंतर १४ जुलैला शेतमालाच्या कर्जहमीला सूट देणारा कायदा झाला. दबाव देणाऱ्याच्या घरातही ज्याचं नुकसान होतं असा कोणी असतो. तो शोधणं हे वकिलातीचं खरं काम.

---

ऐरोलीकरीण · ४ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

तलावपाळीकाका, तुमच्या यादीत एक राहिलं: सॉफ्टवेअर. युरोपच्या निर्बंधांनंतर चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने नायराची ईमेल आणि टीम्स सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि जुलै संपायच्या आत सेवा परत आली. मायक्रोसॉफ्ट अमेरिकी, निर्बंध युरोपचे, परवाने पैसे भरून घेतलेले. तरीही बंद.

अशा वेळी सर्वात आधी लॉगिन जातं. मेल, फाइल्स, हजेरी, विक्रेत्यांची पोर्टलं सगळी एकाच ओळखीवर चालतात, ती गोठली की वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेला स्वतःचा डेटासुद्धा उघडता येत नाही. म्हणून ज्यांचा विदेशी भागधारक "नाजूक" देशातला आहे त्यांनी तीन गोष्टी आजच कराव्यात. मेलचा डोमेन आणि डीएनएस (डोमेनच्या पत्त्यांची नोंदवही) दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवावा, म्हणजे एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरवर जावा ही नोंद) काही तासांत फिरवता येतो. पेटीतल्या जुन्या मेलची रोजची प्रत देशातल्या सर्व्हरवर घ्यावी. आणि निदान पाच-सहा ॲडमिन खाती अशी असावीत जी त्या क्लाउडच्या ओळखीवर अवलंबून नाहीत. "डेटा भारतात आहे" एवढ्यावर समाधान मानणारे खूप भेटतात. डेटा इथे असून चावी तिकडे असेल तर काय कामाचा?

---

नौपाड्याचा_नाना · ४ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

मग रुपयात व्यापार करा ना! डॉलरच नको, न्यू यॉर्कच नको.

---

तलावपाळी · ४ नोव्हेंबर, सकाळी १०.०२

करतोय की. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ११ जुलै २०२२ चं आहे. परदेशी बँक आपल्या बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडते, बीजक रुपयात होतं, आयातीचे रुपये त्या खात्यात जमा होतात आणि त्यांनी आपल्याकडून केलेल्या खरेदीचे पैसे त्यातूनच निघतात. यंदा ऑगस्टपासून प्रत्येक खात्यासाठी वेगळी मंजुरीही लागत नाही.

अडतं ते व्यापाराच्या तोलावर. आपण रशियाकडून घेतो ढीगभर आणि विकतो मूठभर. खात्यात रुपये साचतात आणि त्यांना त्यांचं काय करावं ते कळत नाही. शिल्लक सरकारी रोख्यांत गुंतवायची मुभा दिली आहे, पण रोखे घेऊन त्यांचं सैन्य चालत नाही. इराणशी २०१२ नंतर यूको बँकेतून हेच केलं, तिथे बासमती, औषधं असा बरा उठाव होता म्हणून जमलं. तरीही मे २०१९ मध्ये अमेरिकेची सूट संपली तेव्हा इराणी तेल पूर्ण बंद झालं. खातं रुपयाचं होतं, पण रिफायनऱ्यांचे बाकीचे सगळे व्यवहार डॉलरचे होते.

---

पांढरं_सोनं · ४ नोव्हेंबर, दुपारी १.३०

तुम्ही सगळे बंदरावर आणि बँकेत अडकलात. या दबावाचं बिल यवतमाळ-अकोल्यात फाटतंय, तिकडेही बघा.

७ ऑगस्टला पंतप्रधानांनी दिल्लीत स्वामिनाथन परिषदेत सांगितलं की शेतकऱ्याच्या हिताशी तडजोड नाही, किंमत मोजावी लागली तरी चालेल. १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. (११ टक्के म्हणजे ५ मूळ, ५ कृषी अधिभार आणि दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार.)

पहिली मुदत तशी निरुपद्रवी होती. तेव्हा आपल्याकडे बोंडं हिरवी असतात आणि अमेरिकेहून गाठ मागवली तर दीड महिना जातो, त्यामुळे वाटेत किंवा बंदरात असलेला मालच सुटला असता. डिसेंबरपर्यंतची वाढ मात्र नेमकी पहिल्या-दुसऱ्या वेचणीवर येऊन बसली. गिरणीवाले आता तीन महिन्यांचा साठा बाहेरून बांधून ठेवू शकतात, मग दसऱ्यानंतर बाजारात उतरायची त्यांना घाई कशाला?

भावाचं गणित असं. एक क्विंटल कपाशीतून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते. आयात शुल्क फक्त रुईवर बोलतं, पण व्यापारी कपाशीचा भाव रुई आणि सरकी मिळून लावतो. रुईची खंडी ३५५.६ किलोची. बाहेरची खंडी शुल्काविना दारात पडली की इथल्या खंडीला तोच माथा, त्याच्या वर कोणी जात नाही. यंदाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. बाजार त्याच्या खाली, म्हणजे शेतकऱ्याला एकच दार, सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ.

आणि ते दारही अरुंद. यंदा कपास किसान ॲपवर नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पीकपेरा हवा. ई-पीक पाहणी राहिली असेल तर नोंदणी अडते. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर परत. ऑक्टोबरचा पाऊस झालेल्या कापसात १२ च्या खाली ओलावा म्हणजे दोन-तीन उन्हं द्यायलाच हवीत, आणि ज्याला दिवाळीला पैसे हवेत तो उन्हं द्यायला थांबत नाही, खाजगी व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो.

सूत-कापड निर्यातदारांना स्वस्त कापूस हवा होता हे मला मान्य आहे. शुल्काचा मार त्यांनाच बसलाय. पण त्यासाठी निर्यातदाराला थेट मदत देता आली असती. एकाचं नुकसान भरायला दुसऱ्याचं दावणीचं सोडलं. मका, सोयाबीन आणि दूध यांवर सरकार अडून राहिलं, ते बरं केलं. (दुधाला आपली अट आहे की गाईला प्राण्यांच्या अवशेषांचं खाद्य दिलेलं नसल्याचा दाखला हवा, आणि तो ते देत नाहीत.) मग कापूसच का सुटला? कारण कापूसवाला विखुरलेला आहे आणि दूधवाला प्रत्येक राज्यात संघ करून बसलाय. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

---

जेएनपीटी_रोड · ४ नोव्हेंबर, दुपारी २.१०

+१. एक भर: आयात शुल्काची माफी बिल ऑफ एंट्रीच्या (कस्टम्सकडे भरायच्या आयातपत्राच्या) तारखेवर मिळते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जहाज उशिरा आलं तर अख्खे ११ टक्के अंगावर. म्हणून गिरण्या डिसेंबरच्या मध्यापर्यंत पोचेल असाच माल बांधतील. जानेवारीत माफी पुन्हा वाढते का, याची वाट बघणारा शेतकरी आणि बघणारी गिरणी दोघेही एकाच अधिसूचनेकडे डोळे लावून आहेत.

---

कोर्टनाका · ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४५

"संसदेला विचारलं का" हा प्रश्न प्रत्येक वादात येतो, म्हणून कायद्याची बाजू.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची मंजुरी लागत नाही. करार करणं हा संघसूचीतला चौदावा विषय, कलम ७३ ने तो अधिकार कार्यपालिकेकडे. कराराची अंमलबजावणी करायला कायदा बदलावा लागला तर कलम २५३ खाली संसद येते. भूभाग द्यायचा असेल तर घटनादुरुस्तीच हवी, १९६० च्या बेरूबारी प्रकरणापासून हे ठरलेलं आहे. २०१५ ची शंभरावी दुरुस्ती त्यासाठीच झाली, बांगलादेशबरोबरच्या अदलाबदलीसाठी. व्यापार करार यात कुठेच येत नाही. शुल्क कमी करायला सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ खाली अधिसूचना पुरते. वरची कापसाची माफी तशीच झाली.

म्हणून संसदेतला वाद नेहमी वेगळ्या रूपात येतो: पाठिंबा काढणं. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलैला सरकार २७५ विरुद्ध २५६ ने तरलं. करारावर मतदान झालंच नाही, मतदान झालं सरकारवर. मार्च २०१३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या ठरावावरून द्रमुक बाहेर पडला. माझ्या मते ही पद्धत वाईट. सरकार पाडण्याएवढा मोठा प्रश्न असेल तरच चर्चा होते, नाहीतर काहीच नाही.

ऑपरेशन सिंदूरनंतर भारताची बाजू मांडायला परदेशी गेलेली मे महिन्यातली सर्वपक्षीय शिष्टमंडळं आठवा. सात गट, ३३ राजधान्या. कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांचा गट संयुक्त अरब अमिराती, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला गेला. सुप्रिया सुळे यांचा कतार, इजिप्त, इथिओपिया, दक्षिण आफ्रिकेला. घरी वाद कशावर? काँग्रेसने दिलेल्या नावांऐवजी सरकारने स्वतः थरूर यांना का निवडलं यावर. कोलंबियाने पाकिस्तानबद्दलचं आपलं शोकनिवेदन मागे घेतलं ही ठोस गोष्ट चार ओळींत संपली.

नागरिकाने काय करावं? माहितीच्या अधिकारात "दबाव आला का" विचारू नका. कलम ८(१)(अ) आणि परदेशी सरकारकडून विश्वासात मिळालेल्या माहितीचं ८(१)(फ) दाखवून अर्ज परत येतो. त्यापेक्षा खासदाराकरवी लोकसभेत प्रश्न टाका. ऐरोली-बेलापूर ठाणे मतदारसंघात, पनवेल-उरण मावळमध्ये. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत, किमान पंधरा दिवस आधी. दिवसाला तारांकित (तोंडी उत्तराचे) वीसच लागतात, म्हणून अतारांकित मागा, लेखी उत्तर मिळतं. आणि प्रश्नात आकडा मागा: अमुक एचएस कोडची अमेरिकेला झालेली मासिक निर्यात, अमुक अधिसूचनेखाली माफ झालेलं शुल्क, किती गाठी आल्या. "सरकार दबावाखाली आहे काय?" याचं उत्तर "नाही, महोदय", आणि ते मिळवायला खासदार कशाला हवा.

---

नौपाड्याचा_नाना · ४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

सगळे मिळून भारताला बिचारा करताय. आपणही दुसऱ्यांचं नाक दाबतोच की!

---

जेएनपीटी_रोड · ४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

नाना, हे तुम्ही लाखातलं बोललात. आणि ते न्हावा शेवालाच सर्वात छान दिसतं.

१७ मेची डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) अधिसूचना: बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या चौक्यांमधून नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. आधी ढाक्याहून ट्रक निघायचा आणि पेट्रापोलच्या सीमाचौकीमार्गे आत यायचा. आता चितगावला कंटेनर भरा, कोलंबोत जहाज बदला, मग उरणला उतरवा. दिवसांचं काम आठवड्यांवर गेलं. त्याआधी एप्रिलमध्ये बांगलादेशने आपलं सूत जमिनीमार्गे घेणं बंद केलं होतं, त्याचं हे उत्तर. फटका तिकडच्या कारखान्यांना बसलाच, पण भारतीय ब्रँड तिकडे शिवून घेतात त्यांचेही हंगाम हुकले. नाक दाबताना आपलंही बोट अडकतं.

पाकिस्तानचं वेगळं. २०१९ पासून २०० टक्के शुल्क होतंच, २ मे २०२५ ला थेट किंवा तिसऱ्या देशातून, कोणतीही आयात बंद. लगेच वाट फुटली: सुका खजूर कराचीहून दुबईला एका कंटेनरात, तिथल्या जेबेल अली बंदरात दुसऱ्या कंटेनरात, कागदावर मूळ देश अमिराती. डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) जूनमध्ये ऑपरेशन डीप मॅनिफेस्टमध्ये न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले, १,११५ टन, सुमारे ९ कोटींचा माल. सापडतं ते बिल ऑफ लेडिंगच्या साखळीत. माल दुबईत "तयार" झाला म्हणता, मग तिथे तो कोणत्या कंटेनरातून आला?

आता तेच आरशात बघा. आपले काही निर्यातदार विचारतात, "दुबईमार्गे अमेरिकेला पाठवू का?" नका. कपड्याचा मूळ देश म्हणजे जिथे शिवण झाली तो. पेटी बदलून बदलत नाही. आणि शुल्क चुकवायला वळवलेल्या मालावर अमेरिकेने ४० टक्क्यांची तरतूद केली आहे, वर दंड वेगळा. कराचीचा खजूर पकडायला आपण जे कागद तपासतो, तेच तेही तपासतात.

---

पारसिक_टेकडी · ४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

चाबहार राहिलं, आणि ते तर आपल्या घरचं. इराणमधलं शहीद बेहेश्ती टर्मिनल चालवणारी इंडिया पोर्ट्स ग्लोबल ही कंपनी मुळात जेएनपीटी (आपलं न्हावा शेवा बंदर) आणि कांडला बंदर यांनी मिळून काढली, ६०-४० वाट्याने. ताबा डिसेंबर २०१८ चा. १३ मे २०२४ ला दहा वर्षांचा करार झाला: १२ कोटी डॉलरची गुंतवणूक, शिवाय २५ कोटी डॉलरची पतसुविधा.

इथे सवलतीचा खरा अर्थ दिसतो. २०१८ पासून अमेरिकेची सूट होती, तरी १४० टनी मोबाइल हार्बर क्रेनची पहिली जोडी इटलीहून पोचायला जानेवारी २०२१ उजाडलं. सूट कागदावर, पण क्रेनवाला, त्याची बँक आणि त्याचा विमा तिघेही घाबरलेले. आता सहा महिन्यांची सूट, म्हणजे एप्रिल २०२६ पर्यंत. सहा महिन्यांच्या भरवशावर दहा वर्षांची यंत्रं कोण विकेल? म्हणून "सूट मिळवली" हा जल्लोष मला पटत नाही आणि "चाबहार गेलं" ही बोंबही. बंदर चालू राहील, वाढणार नाही. दबाव देणाऱ्याला बहुधा एवढंच हवं असतं.

---

नौपाड्याचा_नाना · ५ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

पटलं असं नाही, पण कॅल्क्युलेटर काढलाय. तरी एक म्हणतोच: २०१९ मध्ये अमेरिकेने जीएसपी (विकसनशील देशांच्या मालाला शुल्कात सवलत) काढली तेव्हा आपण अकरा दिवसांत त्यांच्या २८ वस्तूंवर शुल्क चढवलं होतं. सफरचंद, बदाम, अक्रोड. या वेळी एकही वस्तू नाही. का?

---

तलावपाळी · ५ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

चांगला प्रश्न. ती यादी पोलाद-ॲल्युमिनियमच्या शुल्कावर उत्तर म्हणून २०१८ मध्येच तयार होती, वर्षभर पुढे ढकलत होतो, जीएसपी गेल्यावर लावली. २०२३ मध्ये मिटवामिटवीत काढली. या वेळी औषधं आणि स्मार्टफोन जादा शुल्काबाहेर आहेत. आपण बदामाला हात लावला आणि त्यांनी औषधांची सूट काढली, तर तोटा कोणाचा? माझ्या मते गप्प राहणं बरोबर होतं. पण संसदेत ते कारण उघड सांगायला काय हरकत होती, हे मात्र मलाही कळलेलं नाही.

---

ऐरोलीकरीण · ५ नोव्हेंबर, रात्री ८.१५

आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आणीबाणीच्या कायद्याखाली लावलेल्या अशा शुल्कावर सुनावणी आहे. मेमध्ये व्यापार न्यायालयाने आणि २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने ७-४ ने ते बेकायदा ठरवलंय. समजा शेवटीही रद्द झालं, तर आपल्या निर्यातदारांना पैसे परत मिळतील?

---

जेएनपीटी_रोड · ५ नोव्हेंबर, रात्री ९.०५

आपोआप नाही. परतावा इम्पोर्टर ऑफ रेकॉर्डला, ज्याने भरलं त्याला. तुम्ही सप्टेंबरपासून बीजकात १५ टक्के सूट दिलीत, तरी कस्टम्सच्या लेखी तुम्ही कोणी नाही. एंट्री (आयातीची नोंद) साधारण ३१४ दिवसांनी लिक्विडेट होते, म्हणजे तिचं शुल्क अंतिम ठरतं, त्यानंतर प्रोटेस्टला (हरकतीला) १८० दिवस, तोही आयातदारानेच करायचा.

म्हणून आता जी सूट देताय ती नुसत्या मेलवर देऊ नका. क्रेडिट नोटवर लिहा: ही सूट अमुक आदेशाखालच्या जादा शुल्कापोटी, अमुक एंट्री नंबरसाठी, आणि ते शुल्क परत मिळाल्यास त्यातला अमुक टक्के वाटा आयातदार तीस दिवसांत विक्रेत्याला देईल. खरेदीदाराची सही घ्या. बँकेला बीजक कमी केल्याचं कळवा. २५ टक्क्यांपर्यंत एडी बँक (परकीय चलन व्यवहारांना अधिकृत बँक) स्वतः मंजूर करू शकते, पण त्या प्रमाणात घेतलेलं रोडटेप (निर्यातीवरचा करपरतावा) परत करावं लागतं, नाहीतर ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का हे बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत) शिपिंग बिल उघडं राहतं. निर्यातीच्या तारखेपासून ठरलेल्या मुदतीत पैसे आलेले दाखवायचे आहेत, हेही त्यात धरा.

नमुना कोणाला हवा असेल तर उद्या टंकून टाकतो.